खिडकी मिटली, पण पत्रपेटी उघडीच!

संगणकावरचे ई-मेलचे काम संपते. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केले की खिडकी नाहीशी होते. थोड्या वेळाने आणखी एक पत्र पाठवायचे आठवते, म्हणून तोच प्रोग्राम पुन्हा उघडायला जावे, तर तो उघडत नाही. कधी ‘हा प्रोग्राम आधीपासूनच चालू आहे’ असा निरोप पडद्यावर येतो, कधी नुसतेच चक्र फिरत राहते, तर कधी काहीच घडत नाही. शेवटी घरातले कोणीतरी वैतागून बटण दाबून धरते आणि संगणकच बंद करते. दुसऱ्या दिवशी सगळे ठीक झालेले दिसते, आणि हाच उपाय म्हणून घरात रूढ होतो.

खरी भीती या उपायाचीच आहे. असे दहा-वीस वेळा निभावते आणि एक दिवस पत्रांची फाईलच उघडत नाही. त्या फाईलमध्ये दहा वर्षांचा पत्रव्यवहार असतो.

रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या भागात या पत्रव्यवहाराचे मोल वेगळेच आहे. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडवर बसला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. राज्य गेले तरी इकडे आलेली मराठी घरे इथेच रुजली, आणि तात्यापारा हा रायपूरचा जुना, मराठी माणसांच्या ओळखीचा भाग. शहराच्या जुन्या भागात खाली दुकान किंवा कचेरी आणि वर घर ही मांडणी नेहमीची. अशा घरात संगणक पुष्कळदा एकच असतो. सकाळी त्यावर व्यापाऱ्यांची बिले आणि जीएसटीची कागदपत्रे येतात, रात्री पुण्यातल्या किंवा परदेशातल्या मुलांची पत्रे आणि नातवंडांचे फोटो. धंदा आणि संसार एकाच पत्रपेटीत नांदत असतात. ती पेटी नीट मिटते की नाही, हा म्हणूनच केवळ संगणक दुरुस्त करणाऱ्याचा विषय राहत नाही.

शेवटचा उठेपर्यंत पंगत उठत नाही

खिडकी मिटणे आणि प्रोग्राम संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घ्यायला हवे. फुलीवर क्लिक केल्यावर पडद्यावरचे चित्र जाते. प्रोग्राम मात्र आतल्या बाजूला आवराआवर करीत असतो. अर्धवट राहिलेली पत्रे जागच्या जागी ठेवणे, सर्व्हरचा निरोप घेणे, कचऱ्याची टोपली रिकामी करणे, पत्रांची फाईल व्यवस्थित लिहून बंद करणे, अशी ही कामे असतात. ती साधारणतः काही सेकंदांत उरकतात. त्यांतले एखादे अडले, की प्रोग्राम न दिसता चालूच राहतो.

पंगतीत शेवटचा जेवणारा उठल्याशिवाय पत्रावळी उचलता येत नाहीत, तसेच हे आहे. यजमानाने कितीही घाई केली, तरी कोणीतरी अजून ताकभात कालवत बसलेला असतो. ई-मेलचा प्रोग्राम बंद होत नसेल, तर पंगतीत कोण बसून राहिले आहे, ते शोधायचे. पाने भराभर ओढून घेणे हा काही उपाय नव्हे.

फोनचे बिल आणि घरातली पत्रपेटी

पत्रे घरच्या संगणकात का साठवली जाऊ लागली, याचे उत्तर जुन्या फोनच्या बिलात आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी टेलिफोनवरून होत असे. जोडणी चालू असेतो पैसे पडत. म्हणून लोक जोडणी करीत, आलेली पत्रे संगणकात उतरवून घेत, फोन तोडीत आणि मग निवांत वाचत बसत. त्या काळचे प्रोग्राम याच सवयीसाठी घडवलेले होते. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तर पत्रे देऊन-घेऊन झाली की फोन आपोआप तोडण्याची सोय होती.

पत्रे उतरवून घेण्याच्या या पद्धतीला पॉप म्हणतात. १९९६ मध्ये तिची जी नियमावली प्रसिद्ध झाली, तिच्यात एक लहानशी पण शहाणी अट आहे. पत्र उतरवून घेतल्यावर प्रोग्राम सर्व्हरला सांगतो, ‘हे आता पुसा’. सर्व्हर मात्र ते लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. प्रोग्रामने ‘क्विट’ म्हणजे ‘येतो’ असा रीतसर निरोप घेतला, तरच खूण केलेली पत्रे पुसली जातात. निरोप न घेताच जोडणी तुटली, तर सर्व्हर एकही पत्र पुसत नाही.

एकच पत्र दोन-दोन, तीन-तीन वेळा आलेले दिसते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. प्रोग्राम मध्येच अडकला किंवा अडवला गेला, निरोप राहून गेला आणि सर्व्हरने पुढच्या वेळी तीच पत्रे पुन्हा हाती दिली. दुबार पत्रे हा त्रास वाटतो. खरे तर ‘इथे काहीतरी नीट बंद होत नाही’ अशी ती सूचना असते.

दुसरी पद्धत आयमॅप. तिच्यात मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि घरच्या संगणकात त्यांची प्रत असते. आयमॅप असेल तर घरची फाईल बिघडली तरी पत्रे बहुधा परत मिळतात. पॉप असेल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही सोय बंद असेल, किंवा ती ठरावीक दिवसांपुरतीच असेल, तर जुन्या पत्रांची एकुलती एक प्रत त्या घरच्या संगणकातच असते. आपल्या घरी कोणती पद्धत आहे, हे खाते मांडणीच्या पानावर, म्हणजे ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये, एकदा पाहून ठेवावे.

जाता जाता सांगितलेली कामे

पुष्कळदा प्रोग्रामला अडवून ठेवणारे काम मालकानेच सांगितलेले असते. थंडरबर्डमध्ये ‘बाहेर पडताना कचरा रिकामा करा’ आणि ‘बाहेर पडताना इनबॉक्स साफ करा’ असे दोन पर्याय खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये असतात. आउटलुकमध्येही बाहेर पडताना पुसलेली पत्रे काढून टाकण्याचा पर्याय आहे. पर्याय चांगले आहेत, पण टोपलीत पाच-सहा हजार पत्रे साठली असतील आणि इंटरनेट कूर्मगतीने चालत असेल, तर हेच काम बराच वेळ घेते. असे पर्याय बंद करून टोपली आठवड्यातून एकदा, वेळ असताना, हाताने रिकामी करावी.

निरोपाच्या वेळी घाई केल्याने काय होते, याचा धडा आउटलुक एक्स्प्रेसने पुष्कळांना दिला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी मोठी सुधारणा आली. तिच्यानंतर हा प्रोग्राम शंभर वेळा बंद केला की एक प्रश्न येई: पत्रांच्या फायली आवळून जागा मोकळी करायची का? घाईतला माणूस ‘हो’ म्हणे आणि काम चालू असतानाच संगणक बंद करून टाकी. प्रत्येक फोल्डरची एक फाईल असे. आवळण्याचे काम अर्ध्यात तुटले, की ते फोल्डर उघडल्यावर रिकामे दिसे. पत्रे कोणी चोरली नव्हती. घर आवरायला काढले आणि मध्येच सोडले, इतकेच झाले होते.

तिसरा अडथळा न गेलेल्या पत्राचा. फोटोंचा मोठा गठ्ठा जोडलेले पत्र ‘आउटबॉक्स’मध्ये अडकते आणि प्रोग्राम ते पाठवण्याची धडपड करीत राहतो. जीमेलवर एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच जोडता येते. शिवाय पाठवताना जोडलेल्या फाईलचे रूपांतर होऊन तिचे वजन साधारण एक तृतीयांशाने वाढते. त्यामुळे वीस एमबीची वाटणारी फाईल वाटेत सत्तावीसच्या घरात जाते आणि अनेक सर्व्हर तिला दारातूनच परत पाठवतात. अशा वेळी ‘वर्क ऑफलाइन’ निवडून जोडणी थांबवावी, ते पत्र आउटबॉक्समधून काढून मसुद्यांत ठेवावे, आणि फोटो लहान करून पुन्हा पाठवावेत.

पाहुण्यांची परीक्षा

आउटलुक बंद न होण्याचे जुने आणि ठळक कारण म्हणजे त्याला चिकटलेले इतर प्रोग्राम. फोनशी पत्ते जुळवणारा, फॅक्स पाठवणारा, व्हायरस तपासणारा, हिशेबाच्या प्रोग्राममधून थेट बिल पाठवणारा, असे अनेक पाहुणे आउटलुकचा हात धरून असतात. एकाने जरी हात सोडला नाही, तरी जुन्या आवृत्त्या खिडकी मिटल्यावरही आत चालू राहत. २०१० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने बंद होण्याची रीत बदलली आणि या पाहुण्यांसाठी थांबणे कमी केले. तरीही एखादा पाहुणा हट्टी निघतोच.

दोष पाहुण्याचा की घराचा, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि आउटलुकच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावे. ‘सेफ मोड’मध्ये उघडायचे का, असा प्रश्न येतो, ‘हो’ म्हणावे. आता आउटलुक पाहुण्यांना बाहेर ठेवून एकटेच उघडते. या स्थितीत ते उघडून, पत्र वाचून, बंद करून पाहावे. ते नीट बंद झाले, तर दोष पाहुण्यांपैकी कोणाचा तरी आहे हे जवळजवळ ठरले. मग ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ या वाटेने जाऊन यादी काढावी, सगळ्यांच्या खुणा काढून टाकाव्यात आणि एकेकाला परत आत घ्यावे. ज्याला घेतल्यावर तक्रार परतते, तो दोषी.

थंडरबर्डसाठीही अशीच परीक्षा आहे. शिफ्टची कळ दाबून ते उघडले, किंवा ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूट मोड’ निवडला, की जोडलेले प्रोग्राम बाजूला राहतात.

व्हायरस तपासणारा प्रोग्राम कधी कधी पत्रांची भली मोठी फाईल बंद होण्याच्या क्षणीच तपासायला घेतो आणि दोघे एकमेकांसाठी खोळंबतात. संशय असेल तर त्याला पत्रांच्या फोल्डरपुरती सूट देऊन पाहावे. तो कायमचा काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा.

कुलूप कोणाचे?

‘थंडरबर्ड आधीपासूनच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ हा निरोप घाबरवणारा वाटतो, पण तो संरक्षणासाठी असतो. थंडरबर्ड उघडताना पत्रांच्या फोल्डरला आतून कडी घालते, म्हणजे दुसऱ्या कोणी त्याच वेळी तीच फाईल लिहायला घेऊ नये. पहिला प्रोग्राम आत अडकून पडला असेल, तर कडी तशीच राहते आणि दुसऱ्याला दार उघडत नाही. विंडोजमध्ये या कडीची ‘पॅरेंट लॉक’ नावाची फाईल असते. ती पुसली की काम होईल, असे सल्ले मिळतात. पण आत अजून कोणी असताना कडी मोडणे धोक्याचे. आधी आतला प्रोग्राम खरोखर थांबला आहे याची खात्री करावी, नाहीतर संगणक रीतसर ‘रीस्टार्ट’ करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

फाईलचे वजन आणि तिची जागा

आउटलुक पॉपची पत्रे ज्या पीएसटी फाईलमध्ये ठेवते, तिलाही सोसायची मर्यादा असते. आउटलुक ९७ पासून २००२ पर्यंतच्या फाईलला २ जीबीची मर्यादा होती, आणि ती ओलांडली की फाईल बिघडे. २००३ मध्ये नवी घडण आली आणि ठरलेली मर्यादा २० जीबी झाली. २०१० पासून ती ५० जीबी आहे. याचा अर्थ ५० जीबीपर्यंत भरीत जावे असा नव्हे. गोदाम जितके मोठे, तितका आवरायला वेळ. वर्षावर्षाची पत्रे वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवली, तर रोजची फाईल हलकी राहते आणि लवकर मिटते.

ही फाईल ठेवायची कुठे, हेही महत्त्वाचे. ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरच असावी. कचेरीतल्या दुसऱ्या संगणकावर ठेवून तारेवरून वापरणे मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाही. वनड्राइव्हसारख्या आपोआप प्रत घेणाऱ्या फोल्डरात ती ठेवली, तर एकीकडे आउटलुक लिहीत असते आणि दुसरीकडे प्रत घेणारा प्रोग्राम वाचत असतो. जानेवारी २०२६ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेनंतर पॉप खाती आणि पीएसटी फायली वापरणाऱ्या अनेकांचे जुने आउटलुक गोठू लागले. खिडकी मिटली तरी ते नीट बंद होत नव्हते आणि पुन्हा उघडतही नव्हते. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. कालपर्यंत सरळ चालणारा प्रोग्राम आज अचानक हटून बसला, तर काल रात्री संगणकाने कोणती सुधारणा घेतली, हेही पाहावे, आणि पुढची दुरुस्ती लवकर घ्यावी.

बळजबरी केव्हा?

इतके करूनही प्रोग्राम अडून बसला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात आउटलुक किंवा थंडरबर्डचे नाव शोधावे आणि ‘डिस्क’ या रकान्यात आकडा हलतो आहे का, ते पाहावे. आकडा हलत असेल, तर प्रोग्राम लिहितो-वाचतो आहे. त्याला पाच-दहा मिनिटे द्यावीत. इंटरनेटवर काही खोळंबले असेल असे वाटले, तर जोडणी काढून पाहावी; वाट पाहणारे काम सुटते आणि प्रोग्राम आपणहून बंद होतो.

आकडा बराच वेळ शून्यावर असेल, तर मात्र ‘एंड टास्क’ करण्यास हरकत नाही. तेवढ्यावर भागत असताना संगणकाचे बटण दाबून धरू नये. ‘एंड टास्क’ एका प्रोग्रामला उठवते. बटण सगळ्या पंगतीवरच पाणी ओतते. पावसाळ्यात वीज अचानक गेली तरी हेच होते. ज्या संगणकावर दुकानाचा पत्रव्यवहार आहे, त्याला यूपीएस असणे ही चैन नव्हे.

असे जबरीने बंद केल्यावर पुढच्या वेळी आउटलुक सांगते, की फाईल नीट बंद झाली नव्हती म्हणून ती तपासली जात आहे. ही तपासणी पुरी होऊ द्यावी. फाईल उघडलीच नाही, तर आउटलुकसोबत येणारे ‘इनबॉक्स रिपेअर टूल’ वापरावे. दुरुस्तीआधी मूळ फाईलची प्रत ठेवायची का, असे ते विचारते. नाही म्हणू नये. थंडरबर्डमध्ये एखादे फोल्डर रिकामे किंवा विस्कटलेले दिसले, तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. तेथे पत्रांची नवी सूची तयार होते. पत्रे आणि सूची या वेगळ्या फायली असल्याने सूची बिघडली म्हणून पत्रे गेली असे होत नाही.

आधी प्रत, मग दुरुस्ती

या सगळ्या उपायांच्या आधी करायचे काम एकच: प्रत. आउटलुक पूर्ण बंद असताना पीएसटी फाईल बाहेरच्या डिस्कवर उतरवावी. थंडरबर्डचे ‘प्रोफाइल’ फोल्डर ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’च्या पानावरून सापडते, ते सबंध उतरवावे. प्रोग्राम चालू असताना काढलेली प्रत भरवशाची नसते, कारण तेव्हा फाईल अर्धी लिहिलेली असू शकते. आउटलुक पूर्ण बंद झाले नसेल, तर विंडोज बहुधा प्रत काढूच देत नाही. प्रोग्राम खरोखर संपला की नाही, हे ओळखायची ती एक घरगुती खूणच म्हणावी लागेल.

उपायांचा क्रम थोडक्यात असा:

१. काही मिनिटे थांबावे; डिस्कचा आकडा पाहावा.
२. आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र बाजूला काढावे.
३. संगणक रीतसर रीस्टार्ट करावा आणि लगेच पत्रांची प्रत काढावी.
४. सेफ मोडमध्ये परीक्षा घेऊन दोषी पाहुणा शोधावा.
५. बाहेर पडताना करायची कामे बंद करावीत.
६. फाईल हलकी करावी, तिची जागा तपासावी.
७. एवढ्यानेही न सुटल्यास माणूस बोलवावा. पण प्रत हाती असल्याशिवाय ‘सगळे पुसून नव्याने बसवतो’ या बोलण्याला होकार देऊ नये.

पूर्वी घराघरांत पत्रे तारेला अडकवून ठेवीत. तार भरली की जुनी पत्रे दोऱ्याने बांधून पेटाऱ्यात जात, आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी ती उघडून आजोबांचे अक्षर ओळखी. संगणकातल्या पत्रांना अक्षराचे वळण नसते, पण पेटारा त्यांनाही लागतो. खिडकी मिटल्यावर क्षणभर थांबून आतले काम संपू देणे आणि महिन्याकाठी एक प्रत काढून ठेवणे, एवढी सवय घरातल्या सगळ्यांना लागली, तर धंद्याची बिले शाबूत राहतील आणि लेकीने परदेशातून पाठवलेले पहिले पत्रही.